तीन चाके आणि शंभर मीटर

चाकाच्या खुर्चीची शर्यत धावण्याच्या शर्यतींच्याच कुळातली मानली जाते. तिचा ट्रॅक तोच, लेनही त्याच आणि घड्याळही तेच. मात्र तिचे निम्मे गणित खेळाडू ट्रॅकवर येण्यापूर्वीच एखाद्या कारखान्यात सुटलेले असते, आणि हे लक्षात घेतल्याखेरीज भारताच्या पॅरा-क्रीडेतील एका ठळक विसंगतीचा उलगडा होत नाही. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली आणि त्यांपैकी १७ अ‍ॅथलेटिक्समधील होती. गोळा, थाळी, भाला, उंच उडी, इतकेच नव्हे तर पायांनी धावण्याच्या शर्यतींतही भारतीय खेळाडू पदकापर्यंत पोहोचले, परंतु व्हीलचेअरच्या शर्यतीत भारताला आजवर एकही पॅरालिम्पिक पदक मिळालेले नाही. याचे कारण शोधण्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याआधी कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोकलमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांकडे पाहिले, तरी उत्तराचा बराचसा भाग हाती लागतो, आणि कदाचित उपायाचाही.

या खेळाची आणि उल्हासनगरची मुळे एकाच महायुद्धात आहेत. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात १९४४ मध्ये मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोराला, इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये परागंदा होऊन आलेल्या डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे देण्यात आली. अशा इजेचा रुग्ण मूत्रमार्गाच्या संसर्गाने किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या शय्याव्रणांनी फार काळ जगणार नाही, असे तोवर गृहीतच धरले जात असे. गुटमान यांनी उपचाराचाच एक भाग म्हणून खेळ आणला, आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीवरील १६ स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात भरवली. नेमक्या त्याच काळात कल्याणजवळच्या, महायुद्धानंतर रिकाम्या झालेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे बराकींत संसार मांडत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी एक ते पाच क्रमांकांचे कॅम्प आणि पत्त्यातला बराकीचा आकडा अजून टिकून आहेत. एका निर्वासित डॉक्टराने उभा केलेला खेळ या निर्वासितांच्या शहरात पाऊण शतकानंतरही न पोहोचावा, हा योगायोग नव्हे. तो खर्चाचा, रस्त्याचा आणि यंत्राचा प्रश्न आहे.

धनुर्विद्येवरून शर्यतीपर्यंत येण्यास काही वर्षे गेली. १९६४ च्या टोकियो स्पर्धेत व्हीलचेअरची शर्यत प्रथम आली, ती ६० मीटरची होती, आणि त्या वेळच्या खुर्च्या रुग्णालयातल्या जड खुर्च्यांच्याच जातीच्या असत: पाठ उंच, पावले टेकवायला पट्ट्या आणि पुढे डगमगणारी दोन लहान चाके. बदलाची सुरुवात रस्त्यावरून झाली. पोलिओग्रस्त बॉब हॉल यांना १९७५ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये भाग घेऊ देताना आयोजकांनी अट घातली होती की तीन तासांच्या आत अंतर पूर्ण केले, तरच प्रमाणपत्र मिळेल. हॉल यांनी ते २ तास ५८ मिनिटांत पूर्ण केले. प्रमाणपत्रापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही, की पुढे हॉल स्वतःच शर्यतीच्या खुर्च्या बनवू लागले. या खेळाच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: जपानमधील ओएक्स इंजिनिअरिंग ही कंपनी मोटारसायकलच्या अपघातात अपंगत्व आलेल्या उद्योजकाने व्हीलचेअरकडे वळवली, आणि स्वित्झर्लंडमध्ये नॉटविल येथील पुनर्वसन केंद्राच्या कार्यशाळेने फॉर्म्युला वनच्या शर्यतगाड्या बनवणाऱ्या साउबरच्या अभियंत्यांना सोबत घेऊन मार्सेल हूग यांच्यासाठी कार्बन तंतूची खुर्ची घडवली. पदकतालिकेत ज्या देशांची नावे वर दिसतात, त्यांच्या मागे बहुधा एखादी कार्यशाळा उभी असते.

ही खुर्ची म्हणजे नेमके काय, हे येथे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावरच आधारलेले आहे. नियमानुसार तिला मागे दोन मोठी आणि पुढे निदान एक लहान चाक असावे लागते. हवा भरलेल्या टायरसह मोठ्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटरपेक्षा आणि लहान चाकाचा ५० सेंटिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. गिअर, तरफा किंवा साखळी लावता येत नाही, आणि प्रत्येक मोठ्या चाकाला हाताने ढकलण्यासाठी एकच कडे असते, ज्याला खेळाडू पुश रिम म्हणतात. मोठी चाके सरळ उभी नसतात. वरून आत आणि खालून बाहेर अशी ती दहा-बारा अंशांनी कललेली असतात, त्यामुळे हात बगलेशी घासत नाहीत आणि वळणावर खुर्ची उलटत नाही. या कलाला कॅम्बर म्हणतात. कॅम्बर देताना दोन्ही चाकांमधले अंतर पुढच्या आणि मागच्या बाजूला तंतोतंत सारखे ठेवावे लागते; ते काही मिलिमीटरांनी जरी चुकले, तरी चाके जमिनीवर घासत जातात आणि खेळाडूचे बळ घर्षणात खर्ची पडते. बसण्याची जागा खेळाडूच्या शरीराच्या मापाने बेतलेली, घट्ट, बहुधा गुडघे पोटाशी किंवा पाय खाली मुडपून बसण्याची असते. दुसऱ्याच्या मापाची खुर्ची म्हणजे दुसऱ्याचे बूट घालून धावणे होय, फरक इतकाच की बुटाने टाचेला फोड येतो आणि या खुर्चीने, संवेदना नसलेल्या कातडीवर, कळण्याच्या आधी व्रण होतो.

ढकलण्याची रीतही सामान्य समजुतीपेक्षा वेगळी आहे. खेळाडू कडे मुठीत धरत नाही. जाड, कडक हातमोज्यांच्या अंगठ्याकडील बाजूने तो त्यावर आघात करतो, घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर एक-दोनच्या सुमारास कड्याला भिडतो आणि सहा-सातपर्यंत ते रेटत नेतो, मग कोपर मागे उंच जाते आणि हात पुन्हा खाली येतो. कड्याचा व्यास हाच या यंत्राचा गिअर असतो: मोठे कडे सुरुवातीला सोपे जाते, पण वेग वाढला की हात अपुरे पडतात, लहान कडे सुरुवातीला जीव काढते, पण पुढे वेग देते. शर्यत चालू असताना कडे बदलता येत नसल्याने शंभर मीटर धावणाऱ्याला आपली निवड आधीच करावी लागते. वळणासाठी पुढच्या चाकाला कॉम्पेन्सेटर नावाची स्प्रिंगची यंत्रणा असते. वळणाच्या तोंडाशी तिच्यावर एक थाप मारली की चाक ठरवून ठेवलेल्या कोनात वळते आणि सरळ भागात पुन्हा एक थाप मारून ते सरळ करता येते.

यावरून हेही कळते की शंभर मीटर हे अंतर खुर्चीसाठी सर्वांत अवघड का ठरते. ८०० मीटरचे अंतर अव्वल दर्जाचे व्हीलचेअरपटू दीड मिनिटाच्या आत पार करतात, जे पायांनी धावणाऱ्या कोणत्याही मनुष्याला आजवर साधलेले नाही. मात्र १०० मीटरला उसेन बोल्टचे ९.५८ सेकंद आणि फिनलंडच्या लिओ-पेक्का टाह्टी यांनी २०१२ मध्ये लंडनला नोंदवलेले तेव्हाच्या विश्वविक्रमाचे १३.६३ सेकंद यांत चार सेकंदांचे अंतर आहे. धावपटू स्टार्टिंग ब्लॉकला पाय रेटून उसळी घेतो. खुर्चीवरच्याला रेटायला काहीच नसते, स्वतःचे आणि खुर्चीचे थांबलेले वजन त्याला केवळ दोन हातांनी हलवायचे असते. टाह्टी यांनी २००४ च्या अथेन्सपासून २०१६ च्या रिओपर्यंत १०० मीटरचे सुवर्ण सलग चार वेळा जिंकले, ते मुख्यतः या पहिल्या काही झटक्यांच्या जोरावर. त्यांचा गट टी-५४ होता. या संज्ञांतला ‘टी’ ट्रॅकसाठी आणि ‘एफ’ मैदानी फेकीसाठी असतो. ५१ ते ५४ हे आकडे मज्जारज्जूची इजा, पोलिओ किंवा पाय नसणे अशा कारणांनी बसून खेळणाऱ्यांचे असून, आकडा जितका मोठा तितका हाता-धडावरचा ताबा अधिक, तर ३३ आणि ३४ हे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंचा ताण व समन्वय बिघडलेल्या खेळाडूंचे आहेत.

टी-३४ गटातील ब्रिटनच्या हॅना कॉक्रॉफ्ट यांची कारकीर्द पाहिली की एका वेगवान व्हीलचेअरपटूच्या घडणीत कोणकोणत्या गोष्टींचा हात असतो हे स्पष्ट दिसते. ३० जुलै १९९२ रोजी यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स येथे जन्म होत असतानाच त्यांचे हृदय दोनदा बंद पडले आणि मेंदूला इजा झाली. शर्यतीच्या खुर्चीत त्या पहिल्यांदा बसल्या २००७ मध्ये, लफबरो विद्यापीठातील एका शिबिरात, जिथे इयान टॉमसन हे अनुभवी व्हीलचेअरपटू उपस्थित होते. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला खेळ, खुर्ची आणि जाणकार या तिन्ही गोष्टी एकाच आवारात भेटल्या. पाच वर्षांनी, मे २०१२ मध्ये, लंडनच्या नव्या ऑलिम्पिक मैदानावर विश्वविक्रम नोंदवणाऱ्या त्या पहिल्या खेळाडू ठरल्या, आणि त्याच वर्षीच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १०० व २०० मीटरची सुवर्णपदके घेतली.

येथून पुढे मात्र या कारकिर्दीला समित्यांनी वळण दिले. पॅरालिम्पिकमध्ये गट अनेक आणि दिवस मोजके असल्याने प्रत्येक गटाला सगळी अंतरे मिळत नाहीत. कॉक्रॉफ्ट यांच्या गटाचे २०० मीटर रिओच्या कार्यक्रमातून गेले आणि ४०० व ८०० आले. टोकियोत ४०० सुद्धा राहिले नाही. टाह्टी यांचेही तेच झाले होते, कारण अथेन्सला त्यांनी जिंकलेली २०० मीटरची शर्यत लंडनच्या कार्यक्रमात टी-५४ साठी नव्हतीच. धावपटूला असे कोणी सांगत नाही की पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत तुमची शर्यत शिल्लक राहील की नाही ते पाहू. कॉक्रॉफ्ट यांनी ८०० मीटर आत्मसात केले, रिओत तीन, टोकियोत दोन आणि पॅरिसमध्ये दोन अशी सुवर्णपदके मिळवली, आणि लंडनची दोन धरून ती संख्या नऊ झाली. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ब्रिटनच्याच कारे अ‍ॅडेनेगन यांनी त्यांना मागे टाकले आणि या गटात १०० मीटर १७ सेकंदांच्या आत, १६.८० सेकंदांत, पूर्ण करणारी पहिली स्त्री होण्याचा मान घेतला. कॉक्रॉफ्ट यांनी २०१९ मध्ये दुबईत १६.७७ आणि टोकियोत १६.३९ सेकंदांची नोंद करून विक्रम परत मिळवला. एकाच देशात, एकाच गटात, एकमेकींना खेचून नेणाऱ्या दोन खेळाडू असणे हे सुवर्णांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी आधी दोन खुर्च्या असाव्या लागतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध नाही असे नव्हे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १ नोव्हेंबर १९४४ रोजी जन्मलेले मुरलीकांत पेटकर लष्कराच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स विभागात होते, उत्तम मुष्टियोद्धा होते, आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या भागाचा ताबा गेला. १९६८ मध्ये तेल अवीव येथे भारताचा संघ पॅरालिम्पिकमध्ये प्रथमच उतरला, त्यात ते होते. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवले. ‘चंदू चॅम्पियन’ या २०२४ च्या चित्रपटामुळे एवढे आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्या मानाने अलक्षित राहिलेली बाब अशी, की पेटकर हायडेलबर्गला स्लॅलममध्येही, म्हणजे अडथळ्यांच्या मार्गावरून चाकाची खुर्ची वेगाने नेण्याच्या शर्यतीतही, उतरले होते. मराठी माणूस चाकाच्या खुर्चीच्या शर्यतीत जागतिक मैदानावर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी उतरला होता, आणि तेव्हा जगभरच्या खुर्च्या साधारण एकाच दर्जाच्या असल्याने यंत्राचे अंतर आजच्याइतके नव्हते. ते अंतर १९८० च्या दशकात खुर्ची हलकी, लांब आणि अखेरीस तीन चाकांची झाल्यावर पडले. पेटकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सुवर्णानंतर ४६ वर्षांनी. विलंबाची ही सवय भारताला खुर्चीच्या बाबतीतही आहे.

त्यानंतरच्या पिढीत बंगळूरच्या मालती होळ्ळ यांनी, ज्यांना बालपणी पोलिओ झाला होता, व्हीलचेअरच्या शर्यती आणि फेकी या दोन्हींत देशाचे प्रतिनिधित्व केले, अर्जुन पुरस्कार आणि पद्मश्री मिळवली. तथापि शर्यतीची परंपरा अशी निर्माण झाली नाही. फेकीची मात्र झाली. बसून फेकणाऱ्या खेळाडूला जमिनीला पट्ट्यांनी जखडलेले लोखंडी आसन लागते, आणि असे आसन कोणत्याही तालुक्याच्या गावातला वेल्डर माप दिल्यास करून देतो. नांदेडच्या भाग्यश्री जाधव, ज्यांनी पॅरिसमध्ये सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज धरला, त्या एफ-३४ गटात गोळा फेकतात. या आकड्यावर थोडे थांबावे. कॉक्रॉफ्ट यांचा गट टी-३४, भाग्यश्री यांचा एफ-३४. ३४ म्हणजे दोन्हीकडे एकाच प्रकारची शारीरिक मर्यादा. एका देशात त्या आकड्याला खुर्ची मिळाली, दुसऱ्यात गोळा. प्रत्येक फेकपटूने शर्यतीतच असावे असे मुळीच नाही, परंतु निवड करण्यासाठी दोन गोष्टी समोर असाव्या लागतात, आणि काही लाख रुपयांची आयात खुर्ची हा पर्याय सामान्य घरासमोर नसतोच.

आता पुन्हा कर्जत मार्गावर. २०११ नंतर भारतात पोलिओचा नैसर्गिक विषाणूने झालेला रुग्ण आढळलेला नाही, त्यामुळे यापुढे चाकाच्या खुर्चीवर येणारा तरुण बहुधा अपघातातून येईल, आणि या तीन शहरांना अपघात म्हटला की लोकल आठवते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मरण पावले. अशा प्रसंगांत मृतांची संख्या छापली जाते, कणा मोडून जगलेल्यांची सहसा नाही. वाचलेल्या माणसाला पहिली दोन वर्षे व्रण, संसर्ग आणि नैराश्य यांच्याशीच झगडावे लागते, आणि खेळाचा विचार सुचलाच तर तो पुण्याजवळच्या खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरसारख्या संस्थेत, जी लष्करातील जवानांसाठी १९७४ मध्ये सुरू झाली. बदलापूरच्या नागरी तरुणाला तसे काही जवळ नाही. बदलापूरहून मुंबईचे शेवटचे स्थानक ६८ किलोमीटरवर आहे. दिव्यांगांच्या डब्यात तो स्वतः कसाबसा चढेल, परंतु सुमारे सहा फूट लांबीची शर्यतीची खुर्ची घेऊन जिना, फलाट आणि गाडीमधली फट व रिक्षा यांतून मुंबईच्या प्रियदर्शिनी पार्कचा किंवा पुण्याच्या बालेवाडीचा कृत्रिम ट्रॅक रोज गाठणे हे कोणत्याही प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात बसणारे नाही. काटई-बदलापूर रस्त्यावर सराव करावा, तर अवजड वाहने आणि पावसाळ्यातले खड्डे.

यावर परदेशातील खेळाडूंनी काढलेला मार्ग रोलरचा आहे. दोन फिरत्या नळकांड्यांवर खुर्चीची मागची चाके ठेवायची आणि जागच्या जागी ढकलत राहायचे. नळकांड्यांना जड चक्र जोडले की रस्त्याइतका प्रतिकार मिळतो. ब्रिटन किंवा फिनलंडमध्ये तो हिमवर्षावात वापरतात, कोकणच्या उंबरठ्यावरील बदलापूरला तो जून ते सप्टेंबर लागेल. त्यात नळी, बेअरिंग, लोखंडी चौकट आणि लेथवरचे काम याखेरीज काही नाही.

आणि लेथ ही गोष्ट अंबरनाथला शिकवावी लागत नाही. येथील सरकारी कारखान्याच्या नावातच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचे पहिले नमुने करणारा कारखाना, असे शब्द आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांपासून येथे फिटर, टर्नर आणि टूलमेकर यांच्या पिढ्या तयार झाल्या, आणि त्यांतल्या अनेकांचे हात आज मोरिवली, आनंदनगर व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांत काम करत आहेत. अ‍ॅल्युमिनियमची चौकट जोडणे, कॅम्बरची पट्टी अचूक कोनात तासणे, चाकांचे अंतर मिलिमीटरच्या आत बसवणे ही त्यांच्या आवाक्यातली कामे आहेत. बैठक शिवण्यासाठी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले आणि जीन्सच्या कारखान्यांतले कारागीर पुरेसे आहेत. कार्बनची बंद चाके आणि उत्तम टायर सुरुवातीला बाहेरून आणावेच लागतील, हे मान्य करूनही, पहिली सरावाची खुर्ची येथे होऊ शकत नाही असे म्हणण्यास आधार नाही. कानपूरच्या अलिम्को या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी उत्पादन संस्थेने देशाला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मोठ्या संख्येने दिली. ती पोटापाण्यासाठी, टपरीपर्यंत जाण्यासाठी होती आणि त्या कामात तिचा उपयोग निर्विवाद आहे. वेगासाठी मात्र खेळाडूच्या मापाने, एकेक करून, चुका दुरुस्त करत बनवणारा लहान कारखानदारच लागतो, जसे बॉब हॉल होते.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भारतात प्रथमच झाली आणि भारताने २२ पदके मिळवली. शर्यतीच्या खुर्चीचे सारे नियम वर्ल्ड पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या पुस्तिकेत कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरमधील ज्या कारखानदाराकडे टिग वेल्डिंगचे यंत्र आणि रविवारचा मोकळा लेथ आहे, त्याने ती पुस्तिका उघडावी, जवळच्या एखाद्या खुर्चीवरच्या मुलाचे किंवा मुलीचे माप घ्यावे आणि मागच्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटरच्या आत ठेवून कामाला लागावे.